पाथरी की सोनकी

गणपती झाल्यावरच्या रविवारी आम्ही कुरुळीहून जवळच्या डोंगरावर गेलो. माथा पिवळ्या फुलांनी भरला होता. आई हिंगोलीकडून महिन्याभरासाठी माझ्याकडे आली होती. तिला पायथ्याच्या बांधावर गावाकडची पाथरीची रानभाजी दिसली. खुडत खुडत ती माथ्यापर्यंत आली, आणि मी माझ्या चार वर्षांच्या मुलीचे फुलांत फोटो काढले.

सोमवारी कंपनीत जेवताना मी फोटो आमच्या लाइनवरच्या मावशींना दाखवला. त्या मूळच्या चाकणजवळच्या. या पाथरीची भाजी आई आज करणार आहे, असं मी सहज बोलून गेले. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला.

"ताई, ही पाथरी न्हाई. ही सोनकी हाय. फुलात मधी गोल बटण हाय बघा, पाथरीला ते नसतं. आमची गुरं हिला तोंड लावीत न्हाईत."

मी आईला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. सुपरवायझरला सांगून निघाले. रिक्षा ट्रकच्या रांगेत अडकली, आणि भाजीला रोज नाही म्हणणारी माझी मुलगी आजही नाही म्हणालेली असू दे, एवढंच मनात होतं.

घरी दोघी झोपल्या होत्या. कढई रिकामी, मुलीची ताटलीही. मी आधी मुलीचा श्वास पाहिला. आईला उठवून सांगितलं, तर ती चिडली. तिला काय पाथरी कळत नाही? तिने निवडून टाकलेले देठ कचऱ्याच्या बादलीतून काढले. पाथरी मोडली की पांढरा चीक येतो. पहिल्या देठाला आला, दुसऱ्यालाही. मग आठ-दहा देठ कोरडेच मोडले. आईने आणखी एक मोडून पाहिला.

"वर फुलं होती, तिथं मी मोडून बघितलंच नाही गं."

देठ पिशवीत घालून दोघींना दवाखान्यात नेलं. एका वेळच्या भाजीने बहुधा काही होणार नाही, पण असल्या झाडाचं विष यकृतावर जातं, लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. रक्त घेतलं. रिपोर्ट बरा आला, पण पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलं होतं. तोवर रोज सकाळी मी मुलीला खिडकीशी नेऊन तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा तर झाला नाही ना, ते बघायचे. नंतर आईच्याही. ती मुकाट्याने मान वर करायची.

दुसराही रिपोर्ट चांगला आला. आईने तो मला दोनदा वाचायला लावला, आणि मग पहिल्यांदा रडली.