तांदळाच्या डब्यातला पीएच मीटर

मंडळी, आज सकाळी ड्युटी सुरू व्हायच्या आधीच आमच्या गावाहून, दवनीवाड्याहून मायचा फोन आला.

"बाबू, तुयं मशीन पागल झालं. सॉसलेबी सात दाखवते अन् लिंबालेबी सातच!"

माय घरी टमाटर-मिरचीचा सॉस बनवते. मी इकडं हैदराबादला सॉसच्याच कारखान्यात आहो, म्हणून आंबटपणा मोजायला तिला मीटर घेऊन दिला. जितकं आंबट तितका आकडा कमी; तो चारच्या खाली आला तरच सॉस टिकेल अन् बाटली बाहेर, हा आमचा नियम. आज संध्याकाळी वीस बाटल्या जवळच्या कुडवा गावातल्या दुकानात द्यायच्या होत्या.

"चाखून पाह्यलं, आंबट आहे. देऊन टाकू काय?"

"नाही माय, जिभेचा भरवसा नाही. मीटर ठेवला कुठं होता?"

"तांदळाच्या डब्यात. ओल नको लागाले म्हणून."

तिथंच समजलं. मीटरचं काचेचं टोक कोरडं पडलं की तो कशालेही सातच सांगते. ते टोक सोबत आलेल्या स्टोरेज सोल्युशनमध्ये, म्हणजे टोक ओलं ठेवायच्या द्रावणात, तीन तास बुडवून ठेवायला लावलं. मग चार अन् सात आकड्याच्या तयार द्रावणात घालून तिनं मीटर जुळवला. सॉस निघाला ३.७! बाटल्या गेल्या.

शाळा कमी शिकलो, पण हे पक्कं सांगतो: टोक कधीतरी खराब होतेच, म्हणून ते बदलता येते असाच मीटर घ्या, अन् टोक कधी सुकू देऊ नका.

नंतर मी मायवर चिडलो, "पण दुसरी जागा नव्हती काय, तांदळातच काऊन ठेवला?"

"तूच म्हणला ना, जिवापाड जप. माहे सोन्याचे मणी बी तिथंच आहेत."

मी जपायला सांगितलं होतं, कसं जपायचं ते सांगितलंच नव्हतं.

तुम्ही घरी पाठवलेली वस्तू घरचे कुठं ठेवतात, कधी विचारलं काय?