विरूपाक्षचं घर, रोज संध्याकाळी सातला

"अव्वा, फोन जरा डावीकडं सरकीव. अजून. हां, आता ऱ्हाऊ दे. बोलू नको काही, तुझं काम कर."

मस्कतहून विरूपाक्ष रोज एवढंच सांगायचा. मग बसम्मा भाकरी थापायला घ्यायची, आणि तिचा थोरला पोरगा तासभर मुकाट बघत बसायचा. फोन ज्वारीच्या डब्याला टेकवलेला असायचा. त्यात दिसायची नीळ टाकून चुना दिलेली भिंत, खिळ्याला अडकवलेली पिशवी, दुकानदाराचं कॅलेंडर आणि पीठ मळायच्या लाकडी काटवटीपासून वर दिसणारी बसम्मा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हात पिठात.

त्याचं वय एकोणचाळीस. अकरा वर्षं मस्कतमध्ये फरशी बसवायचं काम. लग्न दोनदा जमता जमता राहिलं. पहिल्या वर्षी तो रडायचा, दुसऱ्या वर्षी रडायचा थांबला आणि त्याला हा उपाय सापडला. फोनवर बोललं की त्याला जास्तच आठवण यायची. नुसतं बघितलं की झोप लागायची.

खोलीत आठ माणसं. त्यातला अण्णाराव मुखेडचा, प्लास्टरचं काम करायचा. त्याची जीभ थापीपेक्षा धारदार.

"लागली का रे तुझी शिरेल?" अण्णाराव पलंगावरून विचारायचा. "चार वर्षं झाली मी बी बघून राहिलो. हिरोईन आपली भाकरच थापून राहिली. एखादी मारामारी तर दाखवा म्हणावं."

"तू तुझं बघ की."

"माझ्या घरचे फोनच उचलत न्हाईत, मी काय बघू? तुझंच बघून राहिलो."

"येत्या शिवरात्रीला जातो मी," विरूपाक्ष म्हणायचा. "कायमचा. मग बस एकटा."

हे तो दरवर्षी म्हणायचा. यंदा मात्र त्यानं कंपनीच्या साहेबाला तसं सांगून टाकलं होतं. नवा करार करणार नाही. किल्लारी फाट्याला एस्टीतून उतरायचं, चालत आपल्या घरी जायचं आणि परत उठायचं नाही.

फक्त ते घर श्रावणातच विकलं गेलं होतं.

फोनमध्ये दिसायची ती भिंत दुसऱ्याच घराची. हे कसं जमलं ते कळायला गाव बघावं लागतं. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेलं गाव. एका मापाच्या खोल्या, एका मापाच्या खिडक्या, ओळीनं नंबर टाकलेली घरं. सुरुवातीच्या वर्षांत पिऊन आलेला माणूस भलत्याच घरात शिरून "वाढ गं" म्हणायचा, आणि एकदोनदा त्याला वाढलंही गेलं. भूकंप झाला तेव्हा विरूपाक्ष आठ वर्षांचा. बाप जुन्या गावात दगडामातीखाली गेला, म्हणून एकशे चौदा नंबर बसम्माच्या नावावर झाला. ज्या घराला दुसरं कुणी घर म्हणत नव्हतं, सगळे "पत्ता" म्हणत होते, त्याला विरूपाक्षनं घर केलं. सुट्टीला आला तेव्हा त्यानं बाहेरच्या खोलीतला सिमेंटचा कोबा फोडला आणि लातूरहून स्वस्तात आणलेली तपकिरी ठिपक्यांची फरशी स्वतः बसवली. अठरा दिवस. सुट्टी वीस दिवसांची होती.

धाकटा बसवराज मात्र गावात रमणारा नव्हता. त्याची अक्षरा दहावीला शाळेत पहिली आली आणि घरात एकच शब्द सुरू झाला: लातूर. क्लास लातूरला, डॉक्टर व्हायचं तर लातूरला. एकशे चौदा विकायचं ठरलं, आणि बसम्मानं अंगठ्याला शाई लावून घेतली. नातीसाठी.

"विरूपाक्षला सांगितलं पायजे," ती म्हणाली.

"सांग की," बसवराज म्हणाला. "सांग, आणि बांध म्हणावं गाठोडं. उद्या विमानात बसंल तो. मग पोरीच्या क्लासच्या पैशाचं कोण बघणार? तू?"

"आरं पण रोज बघतो तो घर."

यावर सून वर्षाराणी बोलली. थोरल्या दिरासमोर ती कधी फोनमध्ये यायची नाही, डोक्यावर पदर घेऊन बाजूनंच बोलायची. त्यामुळं फोनमध्ये काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. "कस्तुराबाईच्या पोराचं एकशे एकतीस रिकामं पडलंय की," ती म्हणाली. "तीच खोली, तीच खिडकी. आत्या तिथं बसल्या तर वळखू येतंय कुणाच्या बापाला?"

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग बसवराज हसला.

काम मात्र त्यांनी मन लावून केलं. चुन्यात नीळ टाकून रंग जुळवला. खिळा ठोकला. वर्षाराणी हातात जुन्या कॉलचा फोटो घेऊन सांगत होती, "पिशवी वर. लई वर गेली, खाली घ्या. कॅलेंडर जरा वाकडं पायजे, तिथं वाकडं होतं. आत्या, तुम्ही अशा दुसऱ्याच्या घरात आल्यासारख्या बसू नका ओ!"

"दुसऱ्याच्याच घरात आलेय की मी," बसम्मा म्हणाली.

एकच गोष्ट जुळेना. एकशे एकतीसला सरकारचा मूळ कोबाच होता. त्यावर सतरंजी टाकली, आणि बसवराजनं आईला दहा वेळा बजावलं: फोन खाली वळवायचा नाही, काही झालं तरी नाही. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये सामान भरलं. बसम्माचं गाठोडं त्यात नव्हतं.

"दोनचार महिने काढ," बसवराज म्हणाला. "विरूपाक्ष अण्णाचा करार झाला पुढचा, की नेतो तुला."

"आणि आलाच तर?"

"आला तर बघू."

अक्षरा जीपमधून हात हलवत होती. जीप वळेपर्यंत बसम्मानंही हात हलवला.

एकशे चौदा दोन गल्ल्या पलीकडं. विकत घेणाऱ्यानं रस्त्याकडची भिंत फोडून शटर बसवलं आणि किराणा थाटला. बसम्मा त्या गल्लीनं जायची नाही. नळावर जायचं तर सगळ्या गावाला वळसा घालून जायची. रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसली की हात आपोआप विभूतीसाठी भिंतीकडं जायचा. तिच्या घराच्या भिंतीत त्या जागी देवळी होती, विरूपाक्षनं कोरून दिलेली. इथं हाताला नुसता चुना लागायचा.

शेजारी राहणारी कस्तुराबाई दिवसातून दोनदा डोकवायची.

"काय नटीबाई, तयारी झाली का? साडेसहा झाले."

"झाली की."

"मिशरी लावू नका आज. पडद्यावर दात काळे दिसतात." कस्तुराबाई उंबऱ्यातच बसायची. "बसम्माबाई, एक सांगा. तो तिथं झुरायलाय गावासाठी. तुम्ही इथं गावात बसून कामून तोंड वाळवायलाव?"

"करमत न्हाई ओ मला."

"आपल्याच गावात?"

"हात चुकतो माझा," बसम्मा म्हणाली. "माठ असतो तिथं पाणी घ्यायला जाते, तर तिथं माठ नसतो. दिवसातनं दहादा. कुणाला सांगू? त्याला सांगावं तर तो मला आपल्याच घरात बसलेली बघायलाय म्हणून खूश हाय."

कस्तुराबाईला हसू आलं आणि ते तिनं दाबलंही नाही. "मायलेकरं बी भारी हाव तुम्ही," ती म्हणाली.

सात वाजले की फोन वाजायचा.

"अव्वा, फरशीचा तिसऱ्या ओळीतला तुकडा हलत होता. हलतोय का अजून?"

"न्हाई हलत."

"पाय ठेवून बघ की."

बसम्मा उठायची, सतरंजीवर पाय दाबायची. "न्हाई हलत बाबा. घट्ट हाय."

"आलो की परत बसवतो. शिवरात्रीच्या आधी आठ दिवस येतो. बसवराज कुठाय?"

"शेताकडं गेलाय."

"रोज शेताकडंच असतोय. बरंय, सुधारला म्हणायचा."

पौषातली गोष्ट. बसम्मानं भाकर उलटली, चटका बसला म्हणून हात झटकला, आणि कोपर डब्याला लागलं. फोन आडवा पडला. सतरंजीचं टोक गुंडाळलं गेलेलं होतं. फोनसमोर दीडदोन फूट जमीन होती, काळपट, सपाट, मधे एक तडा.

तिनं हात पुढं केला.

"उचलू नको," विरूपाक्ष म्हणाला.

ती तशीच थांबली. तव्यावरची भाकर करपायला लागली.

"अव्वा, फरशी कुठाय?"

"कंची?"

"माझी."

वर्षाराणीनं शिकवलेलं उत्तर होतं: ओल आली म्हणून वरून सिमेंट टाकलं. बसम्मानं तोंड उघडलं, पण अकरा वर्षं फरशी बसवणाऱ्या माणसाला हे कसं सांगावं ते तिला कळेना.

"हा कोबा तीस वर्षांचा हाय," तो म्हणाला. "मी फोडला होता असला. कुणाच्या घरात बसलीस तू?"

"कस्तुराबाईच्या."

"कवापासनं?"

"श्रावणापासनं."

"आणि आपलं?"

"दुकान झालंय तिथं. किराण्याचं. बसवराज लातूरला ऱ्हातो आता, अक्षराच्या क्लाससाठी."

"फरशी?"

"उखडून टाकली रे त्येनं. ठेल्याची चाकं घसरत होती म्हणं. मागं ढीग पडलाय." मग ती म्हणाली, "दोन तुकडे मागून आणू का?"

फोन बंद झाला.

त्यानं मग लातूरला फोन लावला. आईनं आधीच कळवलं होतं, त्यामुळं बसवराज शिव्या खायच्या तयारीनं बसला होता, पण विरूपाक्षनं एकच विचारलं, "मी उतरून कुठं जायचं होतं रे?"

"लातूरला ये की. दोन खोल्या हायेत."

"तिथं माझं काय हाय?"

"तिथं तुझं काय होतं?" बसवराजचा आवाज चढला. "अण्णा, खरं सांगू का? अकरा वर्षांत तू घरात राहिलास किती? शंभर दिवस? तुला घर लागतच नव्हतं. तुला रोज सातला एक भिंत लागत होती. भिंत दिली की न्हाई? रंग सुदिक जुळवून दिला. पाच महिने झोपलास की न्हाई मजेत?"

बाजूनं वर्षाराणीचा आवाज आला, हळू, आदबीनं. "अण्णांना म्हणावं, कॅलेंडर बी वाकडं लावलं होतं."

बसवराजनंच मग तोडून टाकलं. "बरं झालं कळलं ते. त्या एकशे एकतीसचं भाडं भरून मी बी कटाळलो. रविवारी येतो आणि अव्वाला घेऊन जातो. संपलं नाटक."

नाटक संपलं हे ऐकून बसम्मानं पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. दोन दिवस विरूपाक्षचा फोन आला नाही. त्याचं तिला वाईट वाटलं, पण तिनं गाठोडं बांधलंच. पिशवी काढली, त्यात लुगडी घातली. अक्षरासाठी शेंगदाण्याचे लाडू केले. उरलेलं पीठ कस्तुराबाईच्या म्हशीला घातलं. नवं दळण आणलं नाही.

रविवारी जीप यायला उशीर झाला. सात वाजले आणि फोन वाजला.

"बाबा! जेवलास का?" ती म्हणाली. "रागावू नको. आता शिवरात्रीला लातूरलाच ये. अक्षरा म्हणत होती, काकाला मी..."

"मी दोन वर्षांचा करार केला," विरूपाक्ष म्हणाला.

"आणि शिवरात्र?"

"येऊन कुठं उतरू? तूच सांग."

तिनं गाठोड्याची गाठ उगाच घट्ट केली.

"कस्तुराबाईशी बोललोय मी," तो म्हणाला. "एकशे एकतीस आता मी घेतलंय. भाडं माझं. तू तिथंच राहायचं."

"इथं?" बसम्मा हसली, थट्टा वाटली तिला. "आरं, इथं कशाला? मला करमत न्हाई बाबा इथं. कुणी बोलायला न्हाई. मी अक्षरापाशी जाते. तिथनं करते की तुला फोन. रोज करते. दिवसातनं दोनदा करते."

"तिथं भिंत पांढरी हाय."

"म्हणजे?"

"मी बघितली. फोनवर दावली बसवराजनं. तिथं तू बसलीस तर मला आपलं घर वाटणार न्हाई. झोप येत न्हाई. तीन दिवस झोपलो न्हाई मी."

"आरं पण हे बी आपलं न्हाई. तुला ठावं हाय की आता."

"ठावं हाय," तो म्हणाला. "चालतंय मला."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. बसम्मा उठायला गेली. कस्तुराबाईनं मात्र आधीच पुढं होऊन बसवराजला गाठलं होतं. बोलणं आत ऐकू येत होतं. म्हातारी इथंच ऱ्हाणार, थोरल्यानं ठेवलंय. बसवराज जीपमधून उतरलाही नाही. "बरं," एवढंच त्याचं ऐकू आलं. मग, "त्येच्या खर्चानं ना?" कस्तुराबाई हाव म्हणाली. जीप तिथंच वळली.

"लाडू!" बसम्मा ओरडली. "लाडू तरी नेऊ दे त्येला!"

जीप फाट्याकडं लागली होती. ती परत येऊन फोनसमोर बसली. भिंत होती, खिळा रिकामा होता, कॅलेंडर नव्या महिन्यावर गेलं होतं.

"अव्वा, भाकर कर की."

"पीठ न्हाई रे. मी जाणार म्हणून दळण आणलंच न्हाई."

पलीकडं कुणीतरी खोकलं, कुणीतरी बादली सरकवली. मग विरूपाक्ष म्हणाला, "काटवट हाय ना?"

"हाय."

"मग नुसतं थाप."

बसम्मानं फोनकडं बघितलं. तो उशीवर डोकं टेकून, डोळे अर्धे मिटून पडला होता, चार वर्षांचा होता तेव्हा पडायचा तसा. तिनं रिकामी काटवट पुढं ओढली. तळहात आपटला. एकदा, दोनदा. लाकडाचा कोरडा आवाज झाला.

"जरा हळू," तो म्हणाला. "हां. असंच. थांबू नको."