शिव्या तोंडावर, शाबासकी मेलवर

तोंडी मॅडम अकोल्याहून एसटीनं आमच्या अमरावतीच्या ऑफिसात उतरल्या, की ओळखायचं, आज कोणाची तरी बिनपाण्यानं होणार. कौतुक करायला बाई कधीच येत नसत. त्यासाठी त्यांच्याकडे ईमेल होता.

आमची कंपनी ठिबक सिंचनाची. मॅडम अकोला-अमरावतीच्या विभागप्रमुख आणि मी तक्रारींच्या टेबलावर. आता बाकीच्या ऑफिसांत काय चालतं, तुम्हाला माहीतच आहे. काम चांगलं झालं तर साहेब जिन्यात पाठ थोपटतात, आणि चुकलं तर मेल येतो. त्या मेलच्या सीसीत एवढी नावं, की लग्नपत्रिकेतले निमंत्रक परवडले! मॅडमनी हा कारभारच उलटा केला होता. मी एकदा धीर करून कारण विचारलं.

"पोरी, तोंडातली शिवी हवेत जाते. लिवलेली जलमभर मांगं लागते," त्या म्हणाल्या. "अन् शाबासकी हवेत जाऊ द्याची नाई."

पुण्याच्या मुख्य ऑफिसातले साहेब चिडून त्यांना 'तोंडी मॅडम' म्हणाले, ते नाव आम्ही लाडानं उचललं. माझ्या कामाबद्दल त्यांनी एकदा दोन ओळींचा मेल टाकला होता, पार पुण्यापर्यंत सगळ्यांना. माझ्या वडिलांनी त्याची प्रिंट कपाटाच्या काचेला आतून चिकटवली. घरी पाहुणा आला की त्याला पाण्याच्या आधी तो मेल वाचावा लागे. मला मेली लाज वाटायची, पण काढू मात्र दिली नाही मी ती प्रिंट.

शिव्यांचाही एक कायदा होता. समोरच्याला आधी खुर्ची द्यायची, मग दार लोटून घ्यायचं, मग सुरू. दार लोटून उपयोग शून्य, कारण मॅडमचा आवाज खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत जाई. सगळं ओतून झालं की विचारायच्या, "झालं. काही राह्यलं काय तुहं?" आणि मग स्वतः त्याला खाली टपरीवर नेऊन चहा पाजायच्या. ज्यानं शिव्या दिल्या, त्यानं चहा पाजायचा. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

आमचा विलास फिटर होता, करारावरचा, नुकतंच लग्न झालेला. वरूडकडच्या एका संत्र्याच्या बागेत त्यानं फिल्टर उलटा बसवला. नळ्यांत गाळ गेला, पाणी अडलं आणि ऐन उन्हाळ्यात फळांवर असलेली झाडं माना टाकायला लागली. शेतकऱ्याच्या मुलानं थेट पुण्याला मेल केला. पुण्याहून मॅडमना हुकूम आला, विलासला लेखी ताकीद द्या, प्रत सर्वांना. अशी ताकीद कागदावर चढली की पुढचा करार होत नाही, हे विलासला पक्कं ठाऊक होतं. पोरगा दोन दिवस डबा न उघडता परत नेत होता.

मॅडम आल्या, पण ऑफिसात बसल्याच नाहीत. मला आणि विलासला ऑफिसच्या गाडीत घालून त्या सरळ बागेत गेल्या.

"अबे, फिल्टरवर बाण काढला असते, तो काय शोभेले काढला? पानी कुठून येते, कुठं जाते, इतकं समजत नाई तुले? हे झाड पाह्य! याले बोलता येत नाई म्हून मले यावं लागलं!"

बाई अशा काही कडाडल्या, की जो शेतकरी सकाळपासून धुमसत होता तोच मध्ये पडला, "जाऊ द्या न मॅडम, पोरगं आहे." संध्याकाळपर्यंत विलासनं एकेक नळी मोकळी केली. परतताना वरूडच्या स्टँडवर मॅडमनी त्याला चहा पाजला, वर भजी.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल आला, 'विलासने बंद पडलेली बाग एका दिवसात सुरू केली. शेतकरी समाधानी आहे.' पुण्यानं विचारलं, लेखी ताकीद कुठे आहे? मॅडमनी कळवलं, 'ताकीद दिली आहे. बागेत, शेतकऱ्यासमोर, मोठ्या आवाजात.' आम्ही हसून हसून लोळलो. पुण्याला काही हसू आलं नाही. विलासचा करार झाला, पण नागपूरची मोठी जागा, जी सगळे मॅडमची धरून चालले होते, ती दुसऱ्यालाच गेली. कारण काय, तर बाई लेखी शिस्त पाळत नाहीत. मला त्या दिवशी अस्सा संताप आला होता! मॅडमनी मात्र त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि त्यांच्यासमोर विषय काढायची आमची छाती झाली नाही.

मग त्या निवृत्त झाल्या. अकोल्याला निरोपाचा कार्यक्रम होता. एकामागून एक भाषणं सुरू झाली, मॅडम अशा, मॅडम तशा. बाई खुर्चीत चुळबुळत होत्या. शेवटी उठल्याच.

"हे सारं मेल करा मले, घरी बसून वाचीन. तोंडावर सांगासारखं काही असंन तं बोला."

मागच्या रांगेतून विलास उभा राहिला. त्यानं आधी वळून हॉलचं दार लोटलं.

"मॅडम, तुमी चुकल्या," तो जवळजवळ ओरडलाच. "एक कागद लिवाचा होता. माही नोकरी जाती तं जाती, मले दुसरी भेटली असती! तुमची नागपूरची जागा काहून घालवली माह्यापायी? कोनी सांगतलं होतं तुमाले? इतकं समजत नाई काय?"

बाहीनं डोळे पुसत तो तसाच उभा राहिला. मी तर केव्हाच रडायला लागले होते.

मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

"झालं? काही राह्यलं काय तुहं?"

विलासनं मान हलवली.

"मंग?" पर्स खांद्याला अडकवत त्या म्हणाल्या, "चाय कोन पाजन आता मले?"