आत्याबाईंचा एका सकाळचा गॅस

आमच्या आत्याबाईंकडे गॅस होता तो एक सकाळभर. तेवढ्यापायी त्यांचा पगारही गेला आणि रॉकेलही. पगार म्हणजे निराधार आणि अपंग माणसांना सरकार दरमहा द्यायचं ते अनुदान. आमच्या आळीत त्याला पगारच म्हणायचे. आत्याबाईंना तो शब्द फार आवडायचा. जन्मात नोकरी केली नव्हती ना.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लहानपणी तापात डावा पाय वाळला, पुढे लग्नाचं कुणी काढलंच नाही. पंचवटीत आमच्या घराला लागून एक खोली होती, तिथे त्या एकट्या राहायच्या. रेशनकार्ड वेगळं, स्टो वेगळा, भाजी-भाकरी वेगळी. रामकुंडाजवळच्या पूजेच्या दुकानांना त्या कापसाच्या वाती वळून द्यायच्या. बोटांना चिमूटभर राख लावायची आणि त्या वाळलेल्या पायाच्या नडगीवर कापूस ठेवून सर्रकन हात फिरवायचा, की झाली वात. मी चांदवडहून लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवायचा घाट घातला. माझ्या वाती शेवग्याच्या शेंगांसारख्या व्हायच्या. त्या म्हणाल्या, "तुझे दोन्ही पाय धड आहेत ना, म्हणून जमत नाही."

ऐंशी सालाच्या पुढेमागे बाजारात यंत्रावरच्या वाती आल्या आणि दुकानदारांनी आत्याबाईंकडून माल घेणं बंद केलं. एक दिवस सासरे त्यांना म्हणाले, "आक्का, आता दोन चुली काय परवडायच्या नाहीत. तुझी खोली भाड्याने देऊ, तू आमच्यात जेव." बोलले ते प्रेमानेच. पण माझ्या सासूबाई आणि आत्याबाई एका स्वयंपाकघरात म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. पीठ कुणी मळायचं इथपासून सुरुवात झाली असती. आत्याबाई आमच्याकडे सणाला जेवायला यायच्या तेव्हासुद्धा आपलं ताट-वाटी घरून आणायच्या, आता बोला. त्या दिवशी आत्याबाई दिवसभर स्टो घासत बसल्या. मला फार वाईट वाटलं. घरात मीच तेवढी फटकळ, म्हणून मीच ठरवलं की आत्याबाईंना पगार मिळवून द्यायचा.

कायद्याचं म्हणणं सरळ होतं. पाय खरंच अधू आहे असा सिव्हिलच्या डॉक्टरांचा दाखला हवा, कमाई नको, सांभाळणारं कुणी नको. डॉक्टरांनी दाखला दिला. राहिली घरी येऊन करायची चौकशी. ती करणार तलाठी, म्हणजे आमच्याकडच्या बोलण्यात भाऊसाहेब. गुरुवारी सकाळी येतो असा त्यांचा निरोप आला.

निरोप आला आणि आळी कामाला लागली. सरकारी माणूस घरी येतोय. तो गरिबी बघायला येतोय हे कुणाच्या डोक्यातच राहिलं नाही. समोरच्यांनी दोन खुर्च्या आणून टाकल्या. कुणी भरतकामाचा पडदा लावला. कुणी स्टीलचे डबे मांडले, तेही उतरंडीने. दारात रांगोळी काढली ती मी, आता कुणापासून लपवू. आणि कमाल केली ती सासूबाईंनी. त्या दिंडोरीकडच्या, बोलणं अगदी रांगडं. म्हणाल्या, "भाऊसाहेबाला काय राकेलच्या वासाचा चहा पाजायचा? आमच्या घरची नणंद हाय ती. लोक काय म्हनतील?" आळीत एकच गॅस होता, शेजारच्या वहिनींकडे. त्यांचे यजमान सातपूरला कारखान्यात होते. सासूबाई तडक गेल्या आणि तो गॅस सिलिंडरसकट आत्याबाईंच्या खोलीत आणवला. आमचे हे आणि शेजारचे दादा, दोघे सिलिंडर नवरदेवासारखं मिरवत घेऊन आले. आयुष्यभर नणंदेशी भांडलेली बाई, पण परक्यापुढे नणंदेची शोभा व्हायला नको, हे पक्कं.

भाऊसाहेब आले. साधा माणूस, हातात छत्री. आत्याबाई भिंत धरून उठल्या, पाहुणा दारात आल्यावर बसून कसं राहायचं. भाऊसाहेबांनी ते पाहिलं. मग खुर्च्या पाहिल्या, डबे पाहिले, आणि त्यांची नजर गॅसवर येऊन थांबली.

"गॅस कुणाचा?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच आत्याबाई म्हणाल्या, "माझा."

आम्ही सगळ्या बायका पदराला हात लावून उभ्या. वहिनी तर आपल्याच गॅसकडे अशा बघत होत्या, जशा काही तो पहिल्यांदाच बघतायत. भाऊसाहेबांनी पुढे विचारलं, "डावा पाय पूर्ण निकामी आहे ना?" ह्यावर आत्याबाईंना रागच आला. "निकामी कसा? सगळा जन्म ह्या पायावर वाती वळल्या मी. ह्यानेच पोसलंय मला." भाऊसाहेबांनी चहा घेतला, छान झालाय म्हणाले, आणि गेले.

पुढच्या महिन्यात नकार आला. बाई कमावत्या आहेत, घरात गॅस आहे, सबब अनुदान देता येत नाही. वरून रेशनकार्डावर गॅसचा शिक्का बसला आणि गॅसवाल्यांना रॉकेल कमी, म्हणून दुकानदाराने मापही अर्ध्यावर आणलं. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. सासऱ्यांनी खोलीला भाडेकरू बघायला सुरुवात केली. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र माझ्यावरच डाफरल्या, "तुला रांगोळी काडायला कुनी सांगितलं व्हतं?"

मी आत्याबाईंना म्हटलं, "अहो, शेजारणीचा आहे म्हणायला काय झालं होतं?"

"जीभच वळली नाही," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि पुन्हा स्टो पुसायला लागल्या, जो आता आठवड्यातून चार दिवस थंड असायचा. मला रडू आलं. चांदवडचे कांदे पोत्याने चिरले तरी येत नाही तसं आलं.

मग मी चावडीवर गेले आणि भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. तो गॅस, त्या खुर्च्या, तो पडदा. सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून बाहेर गेला. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "ताई, बाईंनी स्वतः सांगितलं माझा म्हणून. मी तुमचं ऐकू की त्यांचं? त्यांच्या तोंडून आलं तर मी पुन्हा लिहीन." येईन म्हणाले, पण कधी ते सांगितलं नाही. शहाणा माणूस.

ते आले एका दुपारी, सांगावा न धाडता. मी आत्याबाईंच्या खोलीत शेंगा सोलत होते, सासूबाई मला चुकीच्या पद्धतीने शेंगा सोलते म्हणून बोलत होत्या. खुर्ची नाही, पडदा नाही. फळीवर तीन डबे, एक पातेलं, एक कप. भाऊसाहेब सतरंजीवरच बसले. आत्याबाई उठायला गेल्या तर म्हणाले, "बसा, बसा." आणि मग सरळ विचारलं, "बाई, गॅस कुठे गेला?"

मी शेंगा सोलायची थांबले. ह्या आता काय म्हणतात. माझा होता, विकला, असंही म्हणतील, काही नेम नव्हता. खोली जायची की राहायची ते एका वाक्यावर आलं होतं आणि ते वाक्य काही माझ्या हातात नव्हतं.

आत्याबाईंनी पदर सारखा केला. "तो माझा नव्हता भाऊसाहेब. शेजारणीचा होता. खुर्च्याही उसन्या होत्या, डबेसुद्धा. पहिल्यांदा दारी आलेल्या माणसाला का कुणी उसनवारी सांगतं?"

"मग आज कसं सांगितलंत?"

"आज दुसऱ्यांदा आलात. घरचे झालात. घरच्यापासून काय लपवायचं?" मग त्या पुढे म्हणाल्या, "वातींचं काम बंद झालं. आता माझ्याकडे काही नाही."

सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. भाऊसाहेब जरा वेळ पेनाचं टोपणच फिरवत राहिले. मग म्हणाले, "पायाचं मात्र मला निकामी असंच लिहावं लागेल, बाई. दुसरा शब्द चालत नाही."

"लिहा," आत्याबाई म्हणाल्या. "त्याला कुठे वाचता येतं."

भाऊसाहेब हसले ते चांगलेच हसले. मग आत्याबाईंनी उरलंसुरलं रॉकेल घालून स्टो पेटवला, पंप मारला, चहा टाकला. कप एकच, तो त्यांनी भाऊसाहेबांना दिला आणि स्वतः वाटीतून प्यायल्या. चहाला रॉकेलचा दणदणीत वास होता. भाऊसाहेबांनी कप रिकामा करून खाली ठेवला. छान झालाय असं ह्या खेपेला म्हणाले नाहीत.

पगार सुरू झाला. रेशनकार्डावरचा शिक्का निघायला बरेच हेलपाटे पडले, तोही निघाला. सासऱ्यांनी भाडेकरूचा विषय परत काढला नाही. पहिल्या पगारातून आत्याबाईंनी काय आणलं असेल? मेनरोडला जाऊन एक कप-बशी. मी म्हटलं, "भाऊसाहेब काय आता रोज येणारेत?" तर म्हणाल्या, "तुझ्या सासूला बोलाव."

सासूबाई गेल्या, पण नाक वर करूनच. आपली वाटी सोबत घेऊन निघाल्या होत्या, ती मी दारातच काढून घेतली. आत्याबाईंनी नवा कप त्यांच्यापुढे ठेवला. एवढ्या वर्षांत सासूबाई त्या खोलीत भांडायला गेल्या होत्या, औषध द्यायला गेल्या होत्या, सिलिंडर ठेवायला गेल्या होत्या. चहाला कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "राकेलचा वास येतोय."

"येणारच," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या घरचा चहा तसाच असतो."