प्रयागबाईंचं पायडल

जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाच्या अंगावरची रुई कधी संपत नाही. अंघोळ करा, कपडे बदला, कानामागे एखादा पुंजका राहतोच. किस्स्यांचंही तसंच. नव्वदच्या दशकात मी वसमतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो, आणि माझ्याकडे उरलेले किस्से बहुतेक प्रयागबाईंचेच आहेत.

*

कापसातून सरकी वेगळी करणारं मशीन म्हणजे रेचा. त्यावर सगळ्या बायाच. फळीवर बसून दिवसभर कापूस घालायच्या. पण रेचा बंद करायचा दांडा मागच्या बाजूला, आणि त्याला हात लावायचा फक्त फिटरने!

एकदा लक्ष्मीचा पदर रेच्यात ओढला गेला. ती ओरडतेय आणि मी पार दुसऱ्या टोकाला चहा पितोय. त्या खडखडाटात ऐकू काय येणार? शेजारच्या प्रयागबाईंनी गठुड्यातला विळा काढला आणि पदरच कापला.

वाचलेली लक्ष्मी पहिलं काय बोलली? "अवो, दिवाळीची साडी व्हती!"

मी धावत आलो तशा प्रयागबाई माझ्याकडे वळल्या. "फिटरभाऊ, रेचा आमी चालवतो. मंग थांबवायचा तुमीच काहून?"

मी मागे जाऊन दांडा ओढला.

*

दुसऱ्या दिवशी त्या घरून बैलाचा कासरा घेऊन आल्या. एक टोक दांड्याला बांधलं, दुसरं वरून घेऊन डोक्यावर लोंबतं ठेवलं. ओढलं की रेचा बंद! मी थक्क.

पण दुपारपर्यंत रेचा चार वेळा आपोआप थांबला. मी पट्टा तपासला, तेल घातलं. शेवटी वर पाहिलं. मुंग्या लागू नयेत म्हणून बायांनी भाकरीची गठुडी त्याच कासऱ्याला टांगली होती! त्यात एक खुद्द प्रयागबाईंचं!

"लोंबती दोरी दिसली की हात जातोच वं," म्हणत त्या पोट धरून हसल्या. आठवड्याने एका मोडक्या शिलाई मशीनचं पायडल घेऊन आल्या आणि कासऱ्याचं टोक खाली त्याला बांधलं. पाय दाबला की रेचा बंद!

*

जिनिंगचे मालक, आमचे शेठ, भडकले. "बंद करायचं बायांच्या पायात दिलं तर दिवसभर बंदच राहील! कोणाची अक्कल ही?"

मी तोंड उघडणार, तोच प्रयागबाई म्हणाल्या, "फिटरभाऊची."

"फिटरने केलंय? मग सगळ्या रेच्यांना बसवा!"

नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, "माझं म्हणलं असतं तर आजच काढलं असतं. बायांचे हात वाचून राहिले न्हवं? नाव तुमचंच राहू द्या."

मी राहू दिलं. त्याची लाज मला अजून वाटते.

*

मग मशीन कंपनीचे साहेब पाहणीला आले. पायडल बघून खूश! शेठनी मला शाल दिली, साहेबांनी ही कल्पना कोणाची म्हणून कागदावर माझं नाव लिहिलं.

"फक्त एक करा," साहेब म्हणाले. "पायडल डाव्या पायाखाली का? जोर उजव्या पायात असतो. सगळी उजवीकडे घ्या."

"बराबर आहे साहेब, उद्याच घेतो!" मी म्हणालो.

खट्! प्रयागबाईंचा रेचा थांबला. मग लक्ष्मीचा. बघता बघता सगळी रांग थांबली. भरदिवसा जिनिंगमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

प्रयागबाई बसूनच बोलल्या, हळू आवाजात. "उजवीकडं नका घेऊ, साहेब. उजव्या मांडीवर आमचं लेकरू निजलेलं ऱ्हातंय."

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कागदावरचं माझं नाव खोडलं आणि प्रयागबाईंसमोर सरकीतच उकिडवे बसले.

"बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा."