आत्याचं रान परत मातकट झालं

विजूआत्या गेली तेव्हा पाण्याखालचं तिचं सगळं रान पांढरं पडलेलं होतं.

आज तिचं वर्षश्राद्ध. गावाकडं, बोरीत, तिच्या घरी पान वाढलं असेल.
मी इथं तामिळनाडूत, रामेश्वरच्या अलीकडं, बोटीत बसून हे टाइप करायलोय. अंग ओलं, मोबाईलला मीठ लागायलंय, निम्मी अक्षरं चुकायलीत.
थंडीनं नाही. खुशीनं!

दमानं सांगायला जमणार नाही, पण सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. विजूआत्या म्हणजे आमच्या बोरीची लेक, सगळ्या गावाची आत्या. कापसाच्या रानात वाढली आणि समुद्राची डॉक्टर झाली. पोवळ्यावर रिसर्च करायची. अंगठीतलं लाल पोवळं नाही, समुद्राच्या तळाला झाडासारखं वाढतं ते. त्याच्या आडोशाला मासे राहतात, त्याच्यामुळं लाट किनाऱ्यावर येऊस्तोवर अर्धी होते.

गावात लोक चिडवायचे, "डॉक्टर हायस तर आमच्या म्हशीला बघ की गं!"
ती म्हणायची, "आधी पाण्यात सोड तिला, मग बघते."

असली आत्या.

माझी आणि तिची गाठ विहिरीवर पडली. तिच्या भावाच्या विहिरीत मोटारीचा दोर तुटला होता. मी बुड्या मारून नवा दोर बांधायलो होतो. नववी नापास, कोणत्याच कामात मन लागत नव्हतं, पाण्यात तेवढं लागायचं. वर आलो तर आत्या काठावर उभी.

"किती येळ दम धरतोस रे?"
"गाठ बसूस्तोवर."
"माझ्यासंगं समुद्रावर येतोस का?"
"कामून? तिथं बी मोटार पडली का?"

इतकी हसली की विहीर घुमली.

आलो. सिलिंडर लावून खाली जायला शिकलो. काम असं की पोवळं मेल्यामुळं जिथं जागा मोकळी पडली, तिथं सिमेंटच्या चौकटी ठेवायच्या आणि जित्या पोवळ्याच्या फांद्या त्यावर बांधायच्या. रिसर्चवाल्यांच्या भाषेत त्याला लय मोठं इंग्लिश नाव आहे. आत्या म्हणायची, नांग्या भरणं. कापसात सरकी उगवली नाही की मोकळ्या जागी आपण परत लावतो, तेच.

आमचे बोटवाले सेल्वम अण्णा तामिळ. मराठीचा गंध नाही. पण सकाळी बोट सुरू केली की ओरडणार, "नांग्या, नांग्या! चलो आत्या!"
त्यांना वाटायचं आत्या म्हणजे मॅडमच्याही वरची पोस्ट.

मग गेल्या वर्षीचा उन्हाळा.

मी खाली गेलो आणि येडाच झालो. सगळं पोवळं पांढरंशुभ्र! नजर जाईल तिथवर. बोरीच्या पोराला पांढऱ्या रानाचा एकच अर्थ माहीत, कापूस. वर आलो, तोंडातली नळी काढली आणि बोंबललो,
"आत्या! फुटलं! सगळं रान फुटलं! वेचायला बाया लाव!"

आत्या हसली नाही.

तेव्हा ती आजारी होती. खाली जायला डॉक्टरांची मनाई. ती बोटीच्या काठावर पालथी पडली, मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि बघत राहिली. लय वेळ.

मग म्हणली, "पोवळं म्हणजे बारक्या बारक्या जिवांची वस्ती हाय. त्यांच्या अंगात शेवाळ ऱ्हातं. त्यानंच हा मातकट रंग येतो, तेच त्यांना जेवू घालतं. पाणी लय तापलं की शेवाळ निघून जातं."
"मंग मेलं का हे?"
"पांढरं म्हणजे मेलं न्हाई. उपाशी हाय."

थोड्याच दिवसांत तिला गावी नेलं. तिथून तिचा फोन. आवाज पार बसलेला.
"पाणी निवल्यावर जे परत रंगावर येईल, त्याच्याच फांद्या घे. त्यानंच नांग्या भर. एक उन्हाळा सोसलेलं हाय ते, दुसरा बी सोसंल."
आत्याच्या जागी आलेले आमचे नवे सर माझ्या शेजारी होते, फोन स्पीकरवर. ते म्हणाले, "मॅडम, खरंखोटं पुढच्या उन्हाळ्यातच कळेल."
"मग तुमी बघा. मला न्हाई जमायचं."

आणि गेली.

पुष्कळसं पोवळं मेलं. जे तगलं, त्याच्या फांद्या आम्ही बांधल्या. यंदा पाणी परत तापलं. सर स्पष्ट बोलले, हेही पांढरं पडलं तर इथलं काम बंद.
मी बॅग भरून ठेवली होती. पुण्याला कंपनीत जायचं, दुसरं काय.

आज तपासणी होती.

खाली जाताना डोळे मिटले होते, खोटं कशाला बोलू. उघडले.

मातकट!
आत्याच्या सगळ्या नांग्या मातकट! आपल्या रानातल्या ओल्या ढेकळासारख्या! फांद्यांच्या बेचक्यात बोटाएवढे निळे मासे घुसायलेत, बाहेर यायलेत, जसं काय स्वतःचंच घर.

पाण्याखाली ओरडता येत नाही. मी ओरडलो. नुसते बुडबुडे.

वर आल्यावर सर म्हणाले, "नाचू नकोस. एका उन्हाळ्यावरून निकाल लावायचा नाही. शेजारचं जुनं पोवळं फिकटलंय, ते पण बघितलंस ना?"
बघितलं होतं. तरी नाचलो. बोट हलायला लागली.
मग सरच मास्क पुसत हळूच म्हणाले, "पण मॅडमचं तगलंय रे."

अण्णांनी इंजिन बंद केलं. एवढंच विचारलं, "आत्या?"
"ब्राऊन, अण्णा! फुल ब्राऊन!"
अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून आभाळात भिरकावला. तो समुद्रात पडला. आणायला परत मीच!

काम बंद नाही. पाणी निवलं की पुढच्या नांग्या. बॅग आज रिकामी करतो.

आत्या, घरी तुझं पान वाढलंय. निवांत जेव.
तुझ्या नांग्यांत आज कोणी उपाशी न्हाई.