वीतभर जवळ

माझ्या सासऱ्यांच्या कपाटात गोल्फची पुस्तकं होती. खालच्या फळीवर पाटबंधारे खात्याच्या जुन्या नियमावल्याही होत्या, पण त्या कोणी काढत नसे. लग्न होऊन मी कळंब्याच्या वाटेवरच्या त्या घरात आले, तेव्हा सगळ्यात आधी मला ते कपाट बरं वाटलं, कारण त्यात इंग्रजी अक्षरं होती. माझं शिक्षण बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. माहेरी आम्ही मराठीच बोलायचो, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की मला वाक्य आधी इंग्रजीत सुचायचं आणि ते मराठीत आणेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. त्यामुळे सासरी मी कमी बोलणारी, शहाणी सून ठरले. ते मला सोयीचं होतं.

मामंजी पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते. तरुणपणी एका वरिष्ठ साहेबाबरोबर मोजणीच्या कामावर हिंडताना त्यांना हा खेळ लागला आणि पुढे सुटला नाही. पुस्तकं त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सामानातून जमवली होती. काहींत खेळाडूंची आयुष्यं होती, काहींत खेळ कसा खेळायचा ते, आणि काही जाडजूड पुस्तकांत फक्त मैदानांची वर्णनं. समुद्राकाठची, वाळूच्या टेकड्यांतली, सतत पावसात भिजणारी मैदानं. आमच्या कोल्हापूरच्या मैदानावर उन्हाळ्यात गवत पिवळं पडायचं, आणि चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवती हिरवळीऐवजी तेल घालून दाबलेली वाळू असायची. पुस्तकात तिला ग्रीन म्हणत, इथे ब्राऊन. मामंजींना त्यात काही विचित्र वाटत नसे.

मला खेळाडूंच्या आठवणींची पुस्तकं आवडायची. त्यांत एकजण चेंडू मारायला उभा राहिला की बाकीचे सगळे गप्प बसायचे. असा एक खेळ आहे हे मला ठाऊक नव्हतं.

दर रविवारी सकाळी चौघांचा डाव असे. मामंजी, मंगळवार पेठेतल्या लाकडाच्या वखारीचे मालक, एक निवृत्त प्राचार्य आणि एक दातांचे डॉक्टर. वखारवाल्यांना सगळे चाचा म्हणत. ते आणि मामंजी तालमीपासूनचे दोस्त, आणि डावातही जोडीदार. मी त्या घरात आले त्याच वर्षी मामंजींच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. महिनोन्महिने वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. मग जाड भिंगांचा चष्मा आला. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसतं, सवय होईल, असं दवाखान्यात सांगितलं होतं.

चष्मा लावून ते पहिल्यांदा मैदानावर गेले आणि दुपारच्या आत परत आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. ते चाचांनी सोप्यात बसून सांगितलं. काठी दरवेळी चेंडूच्या वरून जात होती. लागलाच तर चेंडू जमिनीवर घरंगळत जायचा.

"इंजिनियर, चेंडूच्या टाळक्यावर टपल्या मारायचं बंद करा की," ते म्हणाले. "बिचाऱ्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

मामंजी हसले नाहीत. मग चाचांचा आवाज खाली आला. डॉक्टरांच्या ओळखीचे एक बँक मॅनेजर बदलून आले होते, चांगले खेळायचे आणि जागा शोधत होते. एका डावात चारच माणसं खेळतात. डॉक्टरांना चाचांनी दिवाळीपर्यंत थांबवलं होतं, त्यापुढे थांबवता येईल असं त्यांना वाटत नव्हतं. मी आत चहा गाळत होते. 

माझे यजमान पेठ वडगावच्या बँकेत होते. त्या रात्री जेवताना त्यांनी वडिलांना सुचवलं, की आता वय झालं, सकाळी फिरायला जात जा, पुरे की. मामंजी ताटावरून उठले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नंतर मुलाला ऐकवलं, "तुझ्या बापाला तिथनं काढलास तर घरात बसून आमाला खाईल त्यो. कळतंय का तुला?"

दुसऱ्या दिवशी मामंजींनी मला बोलावलं. बारीक अक्षर त्यांना फार वेळ वाचवत नव्हतं. चूक कुठे होते ते पुस्तकात सापडेल, असा त्यांचा विश्वास होता. मी वाचायचं आणि त्यांनी करून बघायचं असं ठरलं.

परसात दोन पेरूच्या झाडांमध्ये त्यांनी गोणपाट बांधलं. त्याच्यासमोर चेंडू ठेवून ते उभे राहायचे. मी धुण्याच्या दगडापाशी, एका हातात पुस्तक आणि एका हातानं डोक्यावरचा पदर धरून वाचायची. गुडघे थोडे वाकव. डोकं हलवू नकोस. घाई करू नकोस. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं. मराठीत मी मामंजींना पाणी हवं का हेसुद्धा थेट विचारत नसे, आत्याबाईंकरवी विचारायची. आणि इथे संध्याकाळभर मी त्यांना हुकूम सोडत होते आणि ते निमूट पाळत होते. हुकूम पुस्तकाचा होता, म्हणून चालत होतं.

उपयोग मात्र होत नव्हता. काठी वरूनच जायची. डोकं वर उचललं की असं होतं, असं एक पुस्तक म्हणायचं. दुसऱ्याच्या मते गुडघे ताठ झाल्यामुळे. तिसरा लेखक म्हणायचा, मन शांत नाही. मामंजींनी प्रत्येकाचं ऐकलं. एकदा मन शांत करण्यासाठी ते डोळे मिटून इतका वेळ उभे राहिले, की आत्याबाईंनी खिडकीतून विचारलं, "झोप लागली काय?"

त्या लेखकांपैकी कोणाचे डोळे अधू नव्हते. मला कारण दिसत होतं, कारण मी रोज त्यांना चहा द्यायची. त्यांचा हात कपाच्या अलीकडे चार बोटांवर थांबायचा आणि बोटं हवेतच मिटायची. कप त्यांना होता त्यापेक्षा जवळ दिसायचा. मी काही न बोलता तो पुढे सरकवायची. पूर्वी एकदा आत्याबाईंनी हात धरून कपावर नेला होता, तेव्हा ते ओरडले होते, की मी आंधळा झालेलो न्हाय अजून. तेव्हापासून डोळ्यांचा विषय घरात कोणी काढत नसे. चेंडूचंही तेच होत होतं. तो जवळ आणि वर आहे असं समजून ते लांब उभे राहायचे, आणि काठी त्याच्या डोक्यावरून निघून जायची.

हे त्यांना सांगायचं कसं, याचा मी बरेच दिवस विचार केला. यजमानांना सांगितलं असतं तर त्यांनी ते पुन्हा जेवतानाच काढलं असतं. शेवटी मला एकच वाट दिसली. आम्ही तेव्हा जे पुस्तक वाचत होतो, त्याचा लेखक फार सभ्य होता. खेळाडूने असं केल्यास त्याचं हित होईल, अशा धाटणीने लिहायचा. सकाळी धुणं वाळत घालताना मी त्याच्यासारखं एक वाक्य इंग्रजीत तयार केलं, आणि संध्याकाळी गुडघ्यांच्या प्रकरणात मध्येच वाचून टाकलं. ज्या खेळाडूला अलीकडे नवा चष्मा लागला आहे, त्याने आपल्या डोळ्यांवर फार विश्वास न ठेवता चेंडूच्या वीतभर अधिक जवळ उभं राहिल्यास त्याचं हित होईल.

मामंजी काठी धरून तसेच उभे राहिले.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा शब्द थोडे मागेपुढे झाले. त्यांनी पान कितवं ते विचारलं. जे उघडं होतं ते मी सांगितलं.

"हे पुस्तक मी साइटवर तंबूत बसून वाचलंय," ते म्हणाले. "किती वेळा, ते मलाच माहीत न्हाय. चष्म्याचं त्यात काही नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि इंग्रज माणूस वितीनं कधीपासून मोजायला लागला? त्याचं सगळं इंचात असतंय."

वीत या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते शाळेत शिकले होते, म्हणून मी तो शब्द घातला होता. इंच मला सुचलेच नव्हते. पुस्तक मिटावं की उघडं ठेवावं ते मला कळेना.

"बोल की. कुणाचं वाक्य हाय हे?"

"माझं."

"मग इंग्रजीत कशाला सांगतीस? मराठीत सांग."

आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी जमिनीकडे बघत म्हणाले, "मामंजी, तुम्ही चहाचा कपसुद्धा अलीकडेच धरता. मी रोज पुढे सरकवते."

इतकं लांब बोलणं मी त्यांच्याशी त्याआधी कधी केलं नव्हतं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि ते आत गेले. रात्री ताटाकडे बघत जेवले आणि उठले. आत्याबाई मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त भांडी पुसता पुसता विचारलं, रोज सरकवत होतीस? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मला कसं दिसलं न्हाय.

सकाळी मी चहा नेऊन ठेवला. कप सरकवायचा की नाही ते माझं ठरलं नव्हतं, आणि मी हात पुढे केलाही.

"सरकवू नको," मामंजी म्हणाले.

त्यांनी हात नेला. तो नेहमीच्या जागी थांबला. मग त्यांनी तो आणखी पुढे नेला, सावकाश, अंधारात कडी शोधावी तसा, आणि कपाचा कान धरला. चहा पिऊन झाल्यावर कप खाली ठेवताना तो बशीच्या कडेवर आपटला.  

त्या संध्याकाळी त्यांनी पुस्तक मागितलं नाही. मला दगडापाशी उभं केलं आणि लांब उभे आहोत असं वाटलं तर सांग, असं म्हणाले. मी सांगायची, जवळ. ते पाऊल सरकवायचे. मी म्हणायची, अजून. त्यांना चेंडू अगदी पायाशी आहे असं वाटायचं आणि ते कुरकुरायचे, की काठी माझ्याच नडगीवर बसेल आता. पहिल्या दिवशी एकही नीट लागला नाही. दुसऱ्या दिवशी एक लागला, गोणपाटावर धप्प आवाज झाला, आणि आत्याबाई आतून म्हणाल्या, काय पडलं? हळूहळू त्या आवाजाची त्यांनाही सवय झाली. पण दोन दिवस खंड पडला, की मामंजी पुन्हा लांब उभे राहायचे. आपलं आपल्याला ते त्यांना कळत नव्हतं.

म्हणून दिवाळीआधीच्या रविवारी त्यांनी मला मैदानावर चलायला सांगितलं. आत्याबाईंना ते पटलं नाही. "घरातली सून माळावर जाऊन पुरुषांत उभी ऱ्हाणार व्हय?" त्यांनी विचारलं. मामंजी म्हणाले, उभीच राहणार हाय, कुस्ती करणार न्हाय. मी पदर घट्ट खोचला आणि गेले.

तिथे मी सगळ्यांच्या मागे उभी राहिले. प्राचार्यांनी मला नमस्कार केला, डॉक्टरांनी केला नाही. मामंजींची पाळी आली. ते उभे राहिले ते मला लांब वाटले. मी म्हटलं, "जवळ."

डॉक्टरांनी लगेच हात वर केला. ते शांतपणे म्हणाले, की बाहेरच्या माणसाचा सल्ला घेता येत नाही, नियम आहे, आणि नियमाप्रमाणे हा खड्डा, म्हणजे या भोकापुरता डाव, मामंजींची बाजू हरली. चाचा भडकले. म्हणाले, अहो पोरगी एक शब्द बोलली, तिनं काय काठी मारली? प्राचार्य नियमाच्या बाजूचे होते. ते खरंही होतं. मामंजींनी वाद घातला नाही. काठी परत पिशवीत ठेवायला ते वळले, आणि ती ज्या रीतीनं त्यांनी हातात धरली होती, त्यावरून मला वाटलं, की ते आता पुन्हा येणार नाहीत.

नियमांचं पुस्तक मी त्यांना पावसाळ्यात सबंध वाचून दाखवलं होतं. सल्ला जोडीदाराचा घेता येतो, किंवा कॅडीचा. कॅडी म्हणजे पिशवी उचलणारा.

"कॅडीचा चालतो," मी म्हणाले.

"कोण काय म्हणालं?" प्राचार्यांना नीट ऐकू आलं नव्हतं.

मी परत म्हणाले, या वेळी मोठ्यानं. मग पुढे होऊन मामंजींची पिशवी उचलली. ती नेहमी उचलणारा माणूस बाजूलाच होता, त्यानं हसून पट्टा माझ्या हातात दिला आणि तो सावलीत जाऊन बसला. पिशवी मला वाटली होती त्यापेक्षा फार जड होती. पट्ट्यात पदर अडकला, तो सोडवायला थोडा वेळ गेला. तेवढा वेळ चौघं थांबून राहिले.

"सूनबाई, हे कुठल्या पुस्तकात हाय?" चाचांनी विचारलं.

"नियमांच्या." हे खरोखरच पुस्तकात होतं.

डॉक्टरांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य म्हणाले, की असं आहे खरं. फक्त आधीचा शब्द कॅडी होण्यापूर्वीचा, तेव्हा हा एक खड्डा गेला तो गेलाच. चाचांनी ते मान्य केलं, शिव्या घालत. पुढच्या जागेवर गेल्यावर मामंजी पुन्हा उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हं. सांग."

"जवळ. अजून थोडं."

चेंडू फार लांब गेला नाही. पण वर उठला आणि सरळ गेला. चाचा काहीतरी ओरडले. मामंजी सहाव्या खड्ड्यापाशी दमले आणि एका दगडावर बसले, बाकीचे त्यांच्यासाठी थांबले. ते आणि चाचा हरले. माझा खांदा दोन दिवस दुखत होता, आणि आत्याबाईंनी त्याला तेल लावताना मला बरंच ऐकवलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, की ऊन अजून फार तापतं, पुढच्या रविवारी सगळ्यांनी जरा आधी यायला हवं. बँक मॅनेजरांचं नाव त्यांनी काढलं नाही.

"येतो आम्ही," मामंजी म्हणाले.